बंदर, भाकर आणि बंड

२१ फेब्रुवारी १९४६. अपोलो बंदरावर, गेट वे ऑफ इंडियाच्या पायथ्याशी माणसांची रीघ लागली होती. कोणी पाव आणले होते, कोणी फळे, कोणी दूध, कोणी घरून बांधून आणलेल्या पुड्या. बंदरातल्या लढाऊ जहाजांवर नाविकांनी बंड केले होते, सरकारने त्यांची रसद तोडली होती, आणि शहर त्यांना जेवू घालायला निघाले होते. आसपासच्या हॉटेलवाल्यांनी लोकांना सांगितले, हवे ते घेऊन जा, पैसे नकोत. जहाजांवरच्या होड्या धक्क्याला लागत, भरून परत जात. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई बंदूक खांद्यावर ठेवून पाहत राहिले. काहींनी पुड्या पुढे पोचवायला हातही लावला.

ज्या कमानीखाली हे घडले ती पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ सालच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेली. १९२४ साली ती पुरी झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. गेट वे पाहायला येणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. बादशहा इथे उतरला, पलटण इथून गेली. पण मधल्या त्या दिवशी इथे पाव आणि दूध घेऊन कोण उभे होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

हे पुस्तक त्या माणसांसाठी लिहिले आहे.

मुंबईच्या बंडांचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या नावांनी आणि सभांच्या तारखांनी शिकतो. तो खोटा नाही. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हातावर पोट असलेला माणूस काम टाकून उभा राहतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो खातो काय? आठव्या दिवशी काय खातो? सहाव्या महिन्यात? माझे म्हणणे एवढेच, की या शहरातली बंडे भाषणांनी पेटली असतील, पण टिकली ती भाकरीवर. ज्याला शहराने जेवू घातले ते बंड उभे राहिले. ज्याच्या पंगतीत भेद झाला ते आतून पोखरले गेले. पुढची सगळी प्रकरणे हे एकच सूत्र धरून लिहिली आहेत.

आधी बंदराविषयी सांगायला हवे, कारण बंदर नसते तर यातले काहीच घडले नसते.

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिले. कंपनीला हवे होते ते इथले खोल, सुरक्षित पाणी. पुढे दोनशे वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून शहराचे रूप पालटले. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला, १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक. कापूस घाटावरून रेल्वेने येई आणि बंदरातून बाहेर जाई. या दोहोंच्या मधल्या जागेत गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतली पहिली, कावसजी नानाभाई दावर यांची, ताडदेवला १८५६ साली सुरू झाली.

कापसाच्या वाटेने माणसेही आली. कोकणातली बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली, घाटावरची रेल्वेने आली. गोव्याचे खलाशी धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहिले. कोळी तर या साऱ्यांच्या आधीपासून इथलेच. उतरणाऱ्याजवळ ना जमीन होती, ना ओळख, ना उद्याच्या कामाची खात्री. बंदरातले काम जहाजाच्या मर्जीवर. जहाज लागले तर काम, नाही लागले तर उपास. गोदीत मजूर गोळा करणारा टोळीवाला, गिरणीत जॉबर. दोघांच्याही दारात पहाटे हजेरी लावायची, आणि ज्याच्याकडे त्यांची नजर वळेल त्याने आत जायचे. गिरणीत 'बदली' म्हणून वर्षानुवर्षे काढलेले कामगार हजारोंनी होते.

अशा माणसाला एकट्याने जगणे शक्यच नव्हते. म्हणून एका गावची पंधरा-वीस माणसे एक खोली घेत आणि पाळीपाळीने झोपत. जेवायला खानावळ, तिचे पैसे पगाराला. वाण्याकडे उधारीची वही. गावी बायको, आई, दोन गुंठे भात. ही सगळी व्यवस्था काम नसलेल्या दिवसांसाठी उभी राहिली होती. बेकारीचा पंधरवडा जिने निभावून नेला, तिनेच पुढे संपाचे महिने निभावून नेले. लढायचे कसे हे मुंबईचा कामगार सभेत शिकला असेल. उपाशी न मरता लढायचे कसे, हे तो खानावळीत आणि गावच्या खोलीत शिकला.

भाकरीचा हा धागा फार जुना आहे. जून १८३२ मध्ये सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम जोरात चालवली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. सणाच्या दिवशी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी तुटून पडले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला आणि हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही त्यात आले. लोकांनी कोटातल्या आणि कुलाब्याच्या गोऱ्या शिबंदीकडे जाणारे अन्न-पाणी अडवले. तलवार न उचलता सत्तेचे ताट रिकामे ठेवता येते, हे या शहराला त्या दिवशी कळले. पलटणी आल्या, धरपकड झाली. शेवटी जमशेटजी जीजीभाईंच्या मध्यस्थीने प्रकरण मिटले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचे ठरले.

नारायण मेघाजी लोखंडे या नावाशी मी या पुस्तकात बराच वेळ थांबलो आहे. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक शिष्य. गिरणीत काम केलेला, पुढे 'दीनबंधु'चा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली, आणि तिथल्या मागण्यांचा अर्ज साडेपाच हजार सह्यांनिशी सरकारकडे गेला. आज त्या मागण्या वाचताना मन गलबलून जाते. आठवड्याला एक सुटी. दुपारी अर्धा तास जेवायला. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. अर्धा तास जेवायला! उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला दोन घास बसून खायचे होते. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी सकाळी उशिरा उठतो, त्या उठण्यामागे हा माणूस उभा आहे. १८९३ साली शहरात हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला, तेव्हा सलोख्यासाठी तो राबला. प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी राबताना १८९७ साली तो गेला.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणगाव बंद पडले. कापडबाजारानेही दुकाने बंद ठेवली. लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली, तरी संप सहा दिवस चालला; एका वर्षाला एक दिवस, असा हिशेब लोकांनी मनाशी धरला होता. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली आणि हिंदी कामगार राजकीय लढ्याला जागा झाल्याचे लिहिले. तोवर या गिरण्यांत एकही मोठी संघटना नव्हती. निरोप पोचला तो चाळीतून, खानावळीतून आणि गावच्या खोल्यांतून.

१९२८ साली मात्र संघटना उभी राहिली. मालकांनी एका विणकराला दोनाऐवजी तीन माग द्यायचे ठरवले होते; कामगार कमी आणि कमाईला कात्री, असा तो बेत. एप्रिलमध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही कम्युनिस्ट मंडळी पुढे होती. संप चालू असतानाच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन नोंदवली गेली आणि वर्षाच्या अखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. सहा महिने! पावसाच्या तोंडाशी हजारो कामगार बोटीने कोकणात गेले, शेतात राबले, भातावर जगले. मागे राहिलेल्यांना संप समितीकडून धान्य मिळे. रशियातल्या कापडकामगारांनीही मदतीचे पैसे पाठवले. संपाला आलेले यश भाषण करणाऱ्यांचे होते, तसेच रत्नागिरी जिल्ह्यात नवऱ्याच्या ताटात आपल्या वाट्याचा भात वाढणाऱ्या बायकांचेही होते. त्यांची नावे कुठल्याच अहवालात नाहीत.

इथेच मला दुसरी बाजू सांगायला हवी. ती झाकली तर या पुस्तकाला अर्थ उरणार नाही. या लढाऊ गिरण्यांमध्ये दलित कामगाराला विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून 'शिवाशीव' होते असे कारण होते. विणखात्यात पगार जास्त. दलितांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावणारे हात पाण्याच्या पिंपाशी वेगळे होत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न नेत्यांपुढे ठेवला: तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना विणखाते खुले करण्याची मागणी का नाही? ती मागणी अखेर घेतली गेली, पण मनापासून नव्हे. पुढच्याच वर्षीच्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. त्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी त्या पिंपाकडे पाहावे. पंगतीत ज्याला बाजूला बसवले, त्याच्याकडून उपासात सोबत मागण्याचा हक्क कोणाला असतो?

आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबई बंद केली. त्या दिवसाला मी या शहराच्या सर्वांत मोठ्या दिवसांत गणतो. दोन्ही बाजूंनी काही गिळले, काही विसरले नाही, आणि तरी एकत्र आले.

१९४६ चे नाविकांचे बंड या पुस्तकाचे मधले आणि सर्वांत मोठे प्रकरण आहे. बंड सुरू झाले ते 'तलवार'वर, पण 'तलवार' हे जहाज नव्हते. ते कुलाब्यातले, जमिनीवरचे, संदेशवहनाचे शिक्षण देणारे केंद्र होते. बलाईचंद्र दत्त आणि त्याच्या सोबत्यांनी डिसेंबर १९४५ मध्येच तिथल्या भिंती घोषणांनी रंगवल्या होत्या. दत्तला फेब्रुवारीत पकडले. गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडची शिवीगाळ, गोऱ्या आणि काळ्या नाविकांच्या पगारातला फरक, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेली हवा हे सगळे होतेच. पण १८ फेब्रुवारीच्या सकाळी ठिणगी पडली ती ताटात. निकृष्ट जेवण नाविकांनी नाकारले: अन्न नाही तर काम नाही. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक बंडात होते. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष या तिघांचेही झेंडे एकत्र चढले. पुढच्या दीड वर्षात या देशाचे जे झाले ते आठवले की या तीन झेंड्यांकडे कोरड्या डोळ्यांनी पाहता येत नाही.

२१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून गिरण्या, गोदी, बाजार सारे बंद पडले. काँग्रेस आणि लीगच्या वरच्या नेत्यांचा या बंदला पाठिंबा नव्हता. लष्कर रस्त्यावर उतरले. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक साधी, रस्त्यावरची, नाविकांचे नावही माहीत नसलेली होती. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला नाविकांनी हत्यारे खाली ठेवली. शेकडो नाविक बडतर्फ झाले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या. कुलाब्यातले त्यांचे स्मारक २००१ साली झाले. पंचावन्न वर्षे ही शहराने आपल्या माणसांना ताटकळत ठेवण्याची फार मोठी मुदत आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग वाचकांना जवळचा आहे, म्हणून इथे त्याचा धावता उल्लेख करतो. गोदी कामगारांनी प्लासिड डिमेलो यांच्या नेतृत्वाखाली टोळीवाल्याच्या मर्जीतून सुटका मिळवली. १९४८ चा कायदा आणि त्यातून १९५१ साली आलेले गोदी कामगार मंडळ यांमुळे रोजच्या हजेरीच्या जागी नोंदणी आणि किमान कमाईची हमी आली. फ्रेअर रोडचा पी. डिमेलो रोड झाला तो त्याचमुळे. गोदीबाहेर बाजारात पाठीवर आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव फ्लोरा फाउंटनवर चालून गेले आणि गोळ्यांनी १५ जण पडले. पुढे या लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या १०६ झाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने या लढ्याला आवाज दिला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १० जानेवारी १९७४ च्या मोर्च्यावर परळला वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेले. त्याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागून हजारो बाया हातात लाटणे घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. इतकी वर्षे बंडाला आतून पोसणारे स्वयंपाकघर तेव्हा स्वतःच बंडात उतरले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खानावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून बाहेर काढून बँकेच्या दारात उभे केले. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला पानभर जागा मिळायला हवी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गावाकडून धान्य आले, बायांनी धुणीभांडी धरली, खानावळींनी उधारी सोसली. म्हणजे १९२८ ची सगळी शिदोरी पुन्हा सोडली गेली. पण या वेळी समोरचा बदलला होता. मालकांना आता कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीत रस होता, आणि ज्याला यंत्र सुरू व्हायलाच नको आहे त्याच्यापुढे उपास धरून काय होणार? तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. भाकरीच्या बळाला मर्यादा असते, हे त्याने दाखवले. माझ्या मांडणीच्या विरुद्ध जाणारा हा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि म्हणूनच मी तो पुस्तकात सविस्तर मांडला आहे.

याच सुमारास बंदरही खाडीपलीकडे निघाले. न्हावा-शेव्याचे नवे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि माल कंटेनरमध्ये बंद झाला. पण त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनी गेलेले उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या मागे जासई आणि दास्तान फाट्यावर उभे ठाकले होते. दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या बळावर पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. बंदर जिथे गेले तिथे बंड गेले. शेवटचे प्रकरण तिथे, पाण्याच्या पलीकडे संपते.

हे शहर नेहमीच एका पंगतीत बसले, असे मी म्हणत नाही. १८९३ आणि १९९२-९३ या सालांत याच वस्त्यांनी एकमेकांची घरे जाळली. ज्या चाळीत संपाचे धान्य वाटले गेले, तिथेच शेजाऱ्याचे नाव विचारून दार बंद झाले. ही पाने वगळून बंडाचा गौरव करणे मला जमले नसते. एकोपा हा या शहराचा स्वभाव आहे असे मानले की तो आपोआप येईल असे वाटू लागते. तो प्रत्येक वेळी कोणीतरी कष्टाने शिजवलेला होता.

साधनांविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. पोलिसांच्या टिपणांत सभेतले भाषण सापडते. वाण्याची उधारीची वही सापडत नाही. कोर्टाच्या कागदांत आरोपीचे नाव असते. त्याच्या घरी त्या रात्री काय शिजले ते नसते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते करून 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' सिद्ध केली, म्हणून काही आवाज वाचले. बाकीचे अजून घराघरांत आहेत, आणि ते आवाज ज्यांचे आहेत ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. आजी ब्याऐंशीच्या संपात चूल कशी पेटवत होती, पणजोबा अठ्ठावीस साली बोटीने गावी गेले तेव्हा मागे कोण राहिले, खानावळीचे देणे किती वर्षांनी फिटले, हे विचारायला फार वेळ उरलेला नाही.

वाचकाने हे पुस्तक मिटून ठेवावे आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ जाऊन बसावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. अपोलो बंदरावर पुड्या घेऊन उभ्या राहिलेल्यांत कदाचित तिची आईही असेल.